अकरा माणसांची स्मरणिका : सात महिने, ४८ पानं आणि बरीच धावपळ

गेल्या वर्षभरात आमच्या वसाहतीतली अकरा माणसं गेली आणि त्यांच्यावर आम्ही ४८ पानांचं एक छोटं पुस्तक काढलं. मार्चमध्ये डोक्यात आलं आणि २१ सप्टेंबर २०२५ ला, सर्वपित्री अमावस्येला, ते लोकांच्या हातात पडलं. तेव्हापासून दोनतीन वसाहतींमधून विचारणा झाली की कसं केलंत, किती खर्च आला, परवानग्या काय लागतात. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवते. माणसांची नावं मात्र इथे देत नाहीये कारण घरच्यांनी परवानगी दिली ती पुस्तकापुरती, वसाहतीपुरती.

आमची वसाहत पुण्यातल्या पूरग्रस्तांच्या वसाहतींपैकी एक. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासलाही गेलं आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, हे पुण्यात सगळ्यांना माहितीये. ज्यांची घरं गेली त्यांना नंतर गोखलेनगर वगैरे भागात जागा दिल्या, तशाच आम्हाला पण. म्हणजे माझ्या आजीआजोबांना. तेव्हा दहा-पंधरा वर्षांची असलेली पोरं आज पंचाहत्तर-ऐंशीची झालीयेत आणि आता एकेक करून चाललीयेत. पूर डोळ्याने बघितलेलं माणूस आमच्या गल्लीत आता मोजून सहा.

सुरुवात झाली एका फ्लेक्सवरून. १४ फेब्रुवारीला आमचे पेपरवाले काका गेले आणि १६ तारखेला रविवारी कोपऱ्यावर फ्लेक्स लागला, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली पूर्ण नाव आणि कॉम्प्युटरवर कोट चढवलेला वीसेक वर्षांपूर्वीचा फोटो. मी भाजी घेऊन येत होते, थांबून वाचलं आणि मला कळेचना की हे कोण. घरी येऊन भावाला विचारलं तर तो म्हणाला, अगं ते पेपरवाले काका. चाळीस वर्षं ज्या माणसाने आमच्या दारात पेपर टाकला त्याचं नाव मला तो गेल्यावर फ्लेक्सवर कळलं, आणि तरी ओळखता आलं नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

त्यात माझी स्वतःची आई ९ डिसेंबरला गेली होती. तिची निधनवार्ता पेपरात मीच दिलेली, ठरलेल्या साच्यातली, वृद्धापकाळाने निधन झाले, त्यांच्या पश्चात एक मुलगा, एक मुलगी, सून, जावई, नातवंडे असा परिवार आहे. ते कात्रण काढून परत वाचलं. त्यात आम्ही सगळे होतो, आई कुठेच नव्हती.

२ मार्चला रविवारी संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर सहाजण बसलो. मी, माझा भाऊ, शेजारचे रिटायर झालेले पोस्टमन काका, दोन कॉलेजची पोरं आणि अंगणवाडीच्या ताई. पोस्टमन काकांना वसाहतीतल्या प्रत्येक घराचा इतिहास पाठ, त्यांनी तिथल्या तिथे यादी सांगितली, गेल्या गणपतीपासून कोण कोण गेलं. तेव्हा नऊ नावं होती. पुढे जूनपर्यंत अजून दोन वाढली, त्यातलं एक चौतीस वर्षांचं पोरगं, गाडीवरून जाताना गेलेलं.

पहिली चूक मी तेव्हाच केली, ती लिहितेच म्हणजे इतरांची होणार नाही. आम्ही एक छापील फॉर्म तयार केला, नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, छंद, स्वभाव, आणि घरोघरी वाटला. तीन आठवड्यांत सात फॉर्म परत आले आणि सातही सारखे. प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, सर्वांच्या मदतीला धावून जाणारे. छंद : वाचन, देवधर्म. सात घरांनी प्रामाणिकपणे भरलेले ते कागद होते, पण त्यातला कुठला कोणाचा हे नाव झाकलं तर सांगता आलं नसतं. मग पाडव्यानंतर फॉर्म बाजूला ठेवले आणि घरी जाऊन बसायला लागलो.

बसायला कधी जायचं हाही प्रश्न होताच. तेराव्याच्या आत अजिबात नाही, आणि महिनाभर तरी नाहीच. आमच्याकडे सगळ्या जातीधर्माची घरं आहेत, मुसलमान घरात चाळिसावा होईपर्यंत थांबलो, बौद्ध घरात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर गेलो. एका घरी मी घाई केली, त्या सूनबाई दारातच म्हणाल्या, ताई आत्ता नको. परत फिरले आणि जूनमध्ये गेले, तेव्हा त्यांनीच दोन तास सोडलं नाही.

कसे होते असं विचारलं की चांगले होते एवढंच उत्तर येतं. आम्ही मग बारीक बारीक विचारायला लागलो. सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचे? रागवायचे कशावरून? बाहेर जाताना पिशवीत काय असायचं? ह्या पिशवीच्या प्रश्नाने फार मिळालं. इस्त्रीवाल्या मावशींच्या सुनेने उत्तर द्यायच्याऐवजी उठून आतून हॉर्लिक्सची जुनी बाटली आणली, काठोकाठ बटणांनी भरलेली. मावशी इस्त्री करताना शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं की त्यातलं जुळणारं शोधून लावून द्यायच्या, पैसे नाही की सांगणंही नाही. आमच्या घरातल्या शर्टांना किती वेळा बटणं लावली असतील, आम्हाला पत्ता नाही. ती बाटली पुस्तकात फोटो म्हणून गेली.

पेपरवाल्या काकांचं तसंच. मुलाने सांगितलं की ते आधी नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये कंपोझिटर होते, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. खिळ्यावर अक्षर उलटं असतं त्यामुळे त्यांना उलटं वाचायची इतकी सवय की समोर बसलेल्या माणसाच्या हातातला पेपर ते पलीकडून सरळ वाचून दाखवायचे. ऑफसेट आलं, कॉम्प्युटरवर टायपिंग आलं, खिळे भंगारात गेले आणि काका पेपर टाकायला लागले. मुलगा म्हणाला, छापायचं काम गेलं पण छापलेलं हातातून गेलं नाही. हे वाक्य त्याचं आहे, मी फक्त लिहून घेतलं.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगते. मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, दोन घरांनी नको म्हणलं, तिथे वहीत लिहून घेतलं. जुने फोटो घरी घेऊन जाऊ नका, कितीही जवळचं घर असलं तरी. तिथेच खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात मोबाईलने काढा, आणि फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट तिरका धरून काढा. ज्यांनी स्कॅन करायला दिले ते ३७ फोटो आमच्या पोराने जाऊन समोर बसून करून आणले, वीस रुपये एकाचे. आणखी एक म्हणजे ह्या पिढीचे १९६१ च्या आधीचे फोटो नाहीतच. सगळे वाहून गेले. आई लहानपणी कशी दिसायची हे मी कधीच बघितलेलं नाही आणि हे फक्त माझंच नाही हे मला ह्या कामात कळलं, अकरापैकी सहा घरांत हेच.

तारखांनी आम्हाला फार रडवलं. जन्मतारखा गोळा केल्या तर पाचजणांची एकच, १ जून. शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली. खरी कुणालाच माहीत नाही, माझ्या आईची तर आषाढातली, पुनवेच्या आसपास, एवढीच. शेवटी आम्ही फक्त जन्मसाल छापलं आणि जिथे घरच्यांनी काही सांगितलं तिथे ते, म्हणजे आषाढात, किंवा दुष्काळाच्या आधीच्या वर्षी असं. मृत्यूची तारीख तरी बरोबर असेल ना, तर तीही नाही. पेपरवाल्या काकांच्या मुलीला तिथी माहीत होती, माघ वद्य द्वितीया, कारण वर्षश्राद्ध त्यावर. व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये १५ तारीख फिरत होती कारण मेसेज रात्री बारानंतर पुढे गेलेला. कालनिर्णय काढून तिथी जुळवली तर १४ फेब्रुवारी निघाली, मग दाखला बघितला, तिथेही १४. तेव्हापासून नियम केला की छापायची तारीख मृत्यूच्या दाखल्यावरचीच.

दाखल्यावरून आठवलं, हे स्मरणिकेचं नाही पण उपयोगी पडेल. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला लागते, नंतर लेट फी आणि पुढे जास्तच कटकट. घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट, फॉर्म ४-अ, लगेच घ्या, स्मशानभूमीतही ते लागतं. नाव लिहून देताना आधारकार्ड समोर ठेवून लिहा, कारण आमच्यातल्या एका घरी आडनावातल्या एका वेलांटीवरून बँकेत आणि पेन्शनच्या कामात चार महिने गेले. दाखल्याच्या प्रती सुरुवातीलाच आठ-दहा काढून ठेवा. दुःखात हे कोणी सांगत नाही.

आता नावाच्या आधी काय लावायचं, हा वाद. मी आपलं सरसकट कै. टाईप करून ठेवलं होतं. बौद्ध घरातल्या दादांनी शांतपणे सांगितलं की आमच्यात कैलासवासी म्हणत नाहीत, कालकथित म्हणतात. वारकरी घराला वै. हवं होतं, वैकुंठवासी, आणि पुढे ह.भ.प. बँडवाल्या चाचांच्या घरी मरहूम. एका काकूंच्या नावाआधी गं.भा., विधवेला लावतात ते, लिहिलं होतं त्यांच्या भावाने, मुलीने ते पेनाने खोडलं आणि म्हणाली, आईला हे आयुष्यभर आवडलं नाही, आता तरी नको. दोन आठवडे ह्यावर चर्चा चालली, शेवटी ठरलं की मोठ्या अक्षरात नुसतं पूर्ण नाव आणि जन्माचं-मृत्यूचं अशी दोन सालं, आणि खाली मजकुरात ज्या घराला जे हवं ते. ज्यांना असं काही करायचंय त्यांनी हे पहिल्याच बैठकीत विचारून घ्या.

सगळ्यात अवघड पानं दोन माणसांची होती. एक आमच्या बाई, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. एकट्या राहायच्या, लग्न केलं नाही, जवळचं कुणी नाही. विचारायचं कुणाला? त्यांनी वसाहतीचा फळा तीस वर्षं लिहिला, पण त्यावर सुविचार कधी नसायचा. उद्या पाणी येणार नाही, रविवारी पोलिओ डोस, बोर्डाचे फॉर्म भरायची शेवटची तारीख, असं असायचं. आम्ही त्याच फळ्यावर लिहिलं की बाईंबद्दल ज्याला जे आठवतंय ते सांगा, खाली माझा नंबर. एकोणीस फोन आले. त्यातली एक वर्गमैत्रीण निघाली, आता कोथरूडला असते, तिने सांगितलं की पूर आला तेव्हा बाई नुकत्याच एसएससी पास झालेल्या आणि सगळे दाखले पाण्यात गेले. डुप्लिकेट मिळायला दीड वर्ष लागलं, तोपर्यंत नोकरीचे अर्ज करता येईनात. मला फळ्यावरची ती शेवटची तारीख, शेवटची तारीख आठवली. चौथीत असताना मी बाईंना विचारलं होतं की तुम्ही नेहमी फॉर्मचंच का लिहिता.

दुसरे एक काका. दारू प्यायचे, बायकोला मारायचे, हे अख्ख्या गल्लीला माहीत. आमच्यातच दोन मतं पडली, काहीजण म्हणाले त्यांना घेऊच नका, पोस्टमन काका म्हणाले माणूस यादीतून कसा काढायचा. ते पंपाचं काम करायचे, कुठलीही बंद मोटर चालू करायचे, पण नुसतं ते लिहिणं मला खोटं वाटत होतं. काकूंकडे तीनदा गेले. दोनदा त्या चहा करून गप्प बसल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, खोटं लिहू नकोस, आणि सगळंही लिहू नकोस. मग बराच वेळ थांबून म्हणाल्या, लिही, की शेवटची सहा वर्षं त्यांनी प्यायली नाही. आणि लिही की ती सहा वर्षं चांगली गेली. त्याच्या आधीचं ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. ते पान तसंच गेलं, काकूंच्या शब्दांत, पंपाच्या दोन ओळी आणि हे. कुणीही मागून काही बोललं नाही.

१२ जुलैला, शनिवार होता, पुराला ६४ वर्षं झाली म्हणून संध्याकाळी सगळ्या जुन्या लोकांना ओट्यावर बोलावलं, चहा आणि वडापाव. हे ठरवून केलं नव्हतं पण ज्याला जमेल त्याने नक्की करा, कारण घरी एकटं माणूस बसवून जे निघत नाही ते चारजण एकत्र बसले की निघतं. एक म्हणे, लकडी पूल पाण्याखाली होता, दुसरा म्हणे, पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल आणि त्यात कुणाचं तरी दळायचं जातं. आणि तिथे माझ्या आईची खानावळीतली मैत्रीण बसली होती. आई तेवीस वर्षं खानावळीत पोळ्या करायला जायची. ही मावशी सहज म्हणाली, तुझी आई एकतीस वर्षांची होईस्तोवर अंगठा करायची, पगाराच्या रजिस्टरवर. मग एक दिवस हिशेबनिसाकडून नाव लिहून घेतलं कागदावर आणि रोज पोळ्या झाल्यावर परातीतल्या पिठात बोटाने गिरवायची. मला हे माहीतच नव्हतं. माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर आईची सही आहे. मी तिथून उठून देवळामागे गेले, थोड्या वेळाने परत आले. आईचं पान मी सगळ्यात शेवटी लिहिलं आणि त्यात एवढंच आहे.

अपघातात गेलेल्या पोराची आई काहीच बोलू शकली नाही. आम्ही आग्रह केला नाही. ढोलपथकात होता तो, मित्रांनी एक फोटो दिला, पथकातला, कमरेला ढोल, आणि खाली एक परिच्छेद त्यांनीच लिहिला. आईने एवढंच सांगितलं की फोटो हसरा आहे तोच घ्या.

मजकूर तयार झाला की प्रत्येक घरी जाऊन मोठ्याने वाचून दाखवला आणि वहीत सही घेतली, वरती तारीख. हे काम कंटाळवाणं वाटेल पण टाळू नका. वाचून दाखवताना आठ ठिकाणी दुरुस्त्या निघाल्या, आणि एका घरात दोन भावांमध्ये कोणाचं नाव आधी यावरून जे होणार होतं ते छपाईच्या आधीच झालं आणि मिटलं.

प्रेसकडे आम्ही २८ जुलैला गेलो, आणि ही वेळ चुकीची. गणपतीच्या आधी महिनाभर पुण्यातल्या प्रेस पावतीपुस्तकं, अहवाल, पत्रिका ह्यात बुडालेल्या असतात. तीन ठिकाणी नाही म्हणाले, चौथ्याने घेतलं पण गणपतीनंतर देतो म्हणाला. साईझ ए-फाईव्ह, आत ७० जीएसएम मॅपलिथो कागद, कव्हर आर्ट कार्ड, सेंटर पिन म्हणजे मधल्या घडीवर पिना. सेंटर पिनला पानं चारच्या पटीत लागतात हे मला माहीत नव्हतं, आमची ४६ होत होती, मग शेवटची दोन पानं नुसत्या रेघा मारून ठेवली, वाचणाऱ्याने आपली आठवण लिहायला. अक्षर १४ पॉईंटचं घेतलं कारण वाचणारे सत्तरीचे. २०० प्रतींना डिजिटल स्वस्त पडतं, पाचशेच्या वर असतील तर ऑफसेटचं विचारा.

प्रूफ आलं २० ऑगस्टला आणि मी हादरले. आम्ही युनिकोडमध्ये टाईप केलेलं, त्यांच्याकडे जुना फॉन्ट, कन्व्हर्ट करताना सगळे ऱ्या तुटले. दुसऱ्या, साताऱ्याच्या, कऱ्हाड, जिथे जिथे तो अर्धा र आहे तिथे चौकोन. रफार तीन ठिकाणी भलत्या अक्षरावर बसलेला. एकाचं तर आडनावच बदललं. गणपतीत रोज रात्री आरतीनंतर आम्ही तिघं प्रूफ वाचत बसायचो, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दोघांनी बघायचं. एकट्याने मनात वाचून चुका सापडत नाहीत, डोळे सवयीने बरोबर वाचतात.

हॉलचं वेगळंच. वसाहतीजवळ एक सार्वजनिक हॉल आहे, ४ ऑगस्टला अर्ज दिला. सांगितलं की संस्थेच्या लेटरहेडवर हवा, आमची संस्थाच नाही. मंडळाचं लेटरहेड घेतलं तर नोंदणी क्रमांक आणि ठरावाची प्रत मागितली. ती दिली तर ज्या टेबलावर अर्ज होता तिथले साहेब बदलून गेलेले आणि अर्ज सापडेना. नशिबाने पोस्टमन काकांनी पहिल्याच दिवशी पोच घेतली होती, अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का आणि आवक क्रमांक, तो दाखवल्यावर शोधून निघाला. कुठेही अर्ज द्याल तर पोच घेतल्याशिवाय हलू नका. पाच चकरा झाल्या, १० सप्टेंबरला मंजुरी मिळाली. माईकसाठी पोलीस स्टेशनला वेगळं पत्र द्यावं लागलं, ते एका दिवसात झालं. पितृपक्षात लग्नं, साखरपुडे नसतात त्यामुळे हॉल रिकामा मिळाला, हा एक फायदा.

मध्ये एक गृहस्थ भेटायला आले, निवडणुकीला उभं राहायचं होतं त्यांना. सगळा खर्च करतो म्हणाले, मागच्या कव्हरवर फोटो आणि शुभेच्छा टाका. १९-२० हजाराचा प्रश्न एका मिनिटात सुटत होता, आमच्यातल्या काहींना तो सोडवावासा पण वाटला. पण पेपरवाल्या काकांच्या त्या फ्लेक्सवर खाली कुणाकुणाचे फोटो होते, काकांच्या फोटोपेक्षा मोठे, ते मी विसरले नव्हते. आम्ही नको म्हणलं. मग प्रत्येक घराकडून पाचशे रुपये मागितले, ज्या अकरा घरांतलं माणूस गेलंय त्यांच्याकडून काहीच नाही. ४१ घरांनी दिले, २०,५०० जमले. खर्च असा झाला : छपाई ९,६००, डीटीपी (कॉम्प्युटरवर पानं लावणं) पानाला ७० प्रमाणे ३,३६०, स्कॅनिंग ७४०, हॉलचं भाडं १,२००, माईक आणि खुर्च्या १,८००, चहा-खाणं दोन्ही वेळचं मिळून २,६५०, झेरॉक्स रिक्षा वगैरे ६१०. एकूण १९,९६०. हॉलचं दोन हजार डिपॉझिट वेगळं, ते परत यायला पाच आठवडे लागले. हिशेब फळ्यावर लावला.

पुस्तकं १८ सप्टेंबरला आली. २१ ला सकाळी घरोघरी पानं वाढायची गडबड म्हणून कार्यक्रम संध्याकाळी पाचला ठेवला. भाषणं नाहीत, अध्यक्ष नाही, हार नाही. अकराजणांची नावं एकेक करून वाचली, पूर्ण नावं, आणि प्रत्येकाच्या पानातल्या चार ओळी ज्याला वाचायच्या त्याने वाचल्या. बँडवाल्या चाचांचा नातू क्लॅरिनेट घेऊन आला होता. विसर्जन मिरवणुकीत चाचांनी चाळीस वर्षं वाजवलं तेच वाजवलं त्याने, मध्येच एक सूर चुकला, परत पहिल्यापासून सुरू केलं. कुणी हललं नाही. पंपवाल्या काकांच्या काकू शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, जाताना दोन प्रती मागून घेतल्या, एक माहेरी द्यायला.

अकरावं माणूस राहिलं. आमचे वॉचमन. नेपाळचे, सव्वीस वर्षं आमच्याकडे, जानेवारीत गेले. बहादूर हे त्यांचं नाव नव्हतंच, ते आम्ही ठेवलेलं, त्यांच्या आधीच्या वॉचमनलाही आम्ही तेच म्हणायचो. खरं नाव शोधायला मी हिंजवडीला गेले, मुलगा तिथे एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. दोनदा भेट हुकली, तिसऱ्यांदा त्याच्या सुट्टीच्या दिवशी बस स्टॉपवर उभं राहून बोललो. त्याने वडिलांचं नाव स्वतःच्या हाताने माझ्या वहीत लिहिलं, देवनागरीतच, कारण नेपाळीची लिपी तीच. म्हणाला, इथे त्यांना हे नाव कुणी विचारलं नव्हतं. पुस्तकात त्यांच्या पानाची पहिली ओळ आहे की सगळे त्यांना बहादूर म्हणायचे, ते त्यांचं नाव नव्हतं, आणि पुढे नाव.

कार्यक्रमाला त्याला यायला जमलं नाही, ड्युटी होती. दुसऱ्या दिवशी येऊन सहा प्रती घेऊन गेला, दसऱ्याला गावी चालला होता, दशैं म्हणतात ते. ऑक्टोबरमध्ये त्याचा फोन आला, गावाहून परतल्यावर. आईला मराठी येत नाही पण अक्षरं येतात, ती अंगणात बसून एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचत होती म्हणे, नवऱ्याच्या नावापर्यंत पोचायला. मध्ये एकाच ठिकाणी अडली, पहिल्याच शब्दात. ‘सगळे’मधला ळ. त्यांच्याकडे ते अक्षरच नाही. मुलाला विचारत होती की हे कसं म्हणायचं, आणि त्यालाही नीट सांगता येईना, म्हणून त्याने मला फोन केला होता. मी फोनवर तीन-चारदा म्हणून दाखवलं, तो पलीकडून म्हणत राहिला.